चिठ्ठीवर नाव कुणाचे?

(रत्नागिरी येथे कोरडवाहू भागातील कार्यकर्त्यांच्या उन्हाळी अभ्यास शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



कापूस-ज्वारीवाल्यांचे शिबिर रत्नागिरीत कशाला, असे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारले. प्रश्न बरोबर आहे. इथे भात, आंबा, काजू, नारळ. सोलापूरकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपण समाधान मानतो. इथे तीन हजारांच्या वर पडतो. त्यांचे दुखणे वेगळे, आपले वेगळे.

तरी इथे बोलवायला कारण आहे. आज मला ज्या माणसाबद्दल बोलायचे आहे तो या मातीतला. आणि त्याने विद्वत्तेचा जो मोठा अभ्यास केला तो आंब्या-फणसाचा नव्हता, तुमच्या-माझ्या ओळखीच्या कोरड्या मुलखातल्या झाडझुडपांचा होता. त्यांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म 18 नोव्हेंबर 1884, गाव मालवण. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा 1981 साली वेगळा झाला. आघारकर जन्मले तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे त्यांच्या कामाचा पाया झाडे गोळा करणे हा होता. तुम्ही म्हणाल, झाडे गोळा करण्यात कसली आली विद्या? वैदू पाला गोळा करतो, बायका सरपण गोळा करतात. म्हणून आधी तेवढे समजून घेऊ.

चिठ्ठी नसेल तर वैरण

वनस्पती गोळा करणारा माणूस फुलावर किंवा फळावर आलेली फांदी घेतो. झाड लहान असेल तर मुळासकट उचलतो. रद्दी वर्तमानपत्राच्या घडीत ते नीट पसरतो, वर वजन ठेवतो, कागद ओलसर झाला की बदलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात चार-सहा दिवसांत झाड कडक वाळते. कोकणात पावसाळ्यात रोज कागद बदलले नाहीत तर बुरशी चढते, कागद धगीवर शेकून वापरावे लागतात. वाळलेले झाड मग जाड कागदावर चिकटवतात किंवा दोऱ्याने टाचतात आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी लावतात.

सगळा जीव त्या चिठ्ठीत आहे. गाव कोणते, तालुका कोणता. जमीन काळी, मुरमाड की खडकाळ. तारीख. फुलाचा रंग, कारण वाळल्यावर रंग उडतो. तिथले लोक त्या झाडाला काय म्हणतात, कशाला वापरतात. आणि गोळा कोणी केले. चिठ्ठी नसेल तर ते वाळलेले झाड म्हणजे वैरण. चिठ्ठी असेल तर तो दस्तऐवज आहे, तुमच्या सातबाऱ्यासारखा. अमुक साली, अमुक गावच्या माळावर हे झाड होते, याचा तो पुरावा. शंभर वर्षांनी कोणी त्याच माळावर गेला आणि झाड दिसले नाही, तर काय गेले हे त्याला कळते. चिठ्ठी नसती तर काही गेले आहे हेसुद्धा कळले नसते.

अशी हजारो पाने कपाटांत लावून ठेवतात त्याला हर्बेरियम म्हणतात. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आहे, आणि आघारकरांच्या संस्थेचेही आहे. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना तणांचा असाच लहानसा संग्रह करावा लागतो, मलाही करावा लागला. काँग्रेस गवतापासून हरळीपर्यंत तण ओळखणे आले ते त्यामुळे.

जकातीचा अधिकारी आणि सड्यावरची दीपकाडी

आघारकरांच्या आधी या किनाऱ्यावर झाडे गोळा केली ती साहेबांनी. त्यातला एक महत्त्वाचा माणूस निकोल अलेक्झांडर डाल्झेल. एडिंबरोचा. 1841 साली मुंबई इलाख्यात आला तो कस्टम्सचा, म्हणजे जकातीचा अधिकारी म्हणून. काम बंदरावरचे, पण लक्ष माळावरच्या झाडांवर. कोकणातल्या कितीतरी वनस्पती शास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा आल्या त्या त्याच्या हातून.

काल दुपारी आपण इथल्या सड्यावर फिरून आलो. जांभ्याचा काळा कातळ, गवत जळून गेलेले, सावलीला झाड नाही. हे कोकण आहे की माण तालुका, असे एकाने विचारले. कारण सोपे आहे. पाऊस तीन हजार मिलिमीटर पडला तरी कातळावर माती बोटभर, सगळे पाणी वाहून समुद्राला. चार महिने चिखल, आठ महिने कोरडा खडक. पाऊस पडतो किती यापेक्षा जमिनीत राहतो किती, हा हिशेब आपल्या हलक्या रानाला लागू आहे तसा इथेही लागू आहे. म्हणून सड्यावरची झाडे आपल्या मुगा-मटकीसारखी घाई करतात. पावसात उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि संपायचे. नाहीतर जमिनीत कंद ठेवून झोपी जायचे. रत्नागिरीच्या सड्यावर दीपकाडी म्हणून एक रोप आहे. कांद्यासारखा कंद, पावसाच्या तोंडावर पांढरी फुले. 1850 साली डाल्झेलने ते शास्त्राच्या दप्तरात नोंदवले आणि नावातच कोकण घातले. त्याचा जगातला मुलूख एवढाच, कोकण आणि आसपासचा.

1861 साली डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन या दोघांनी 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक छापले. मुंबई इलाख्यात कोणती झाडे आहेत याची ती मोठी यादी. गिब्सन हा डॉक्टर, आधी पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, नंतर इलाख्याच्या जंगलांचा पहिला संरक्षक. त्याच्यानंतर जंगले डाल्झेलच्या ताब्यात आली. 1863 साली जंगलाचा पाऊसपाण्यावर काय परिणाम होतो यावर डाल्झेलने सरकारसाठी टिपणही लिहिले.

इथे जरा थांबा. ज्याने झाडांची यादी केली, त्याच्याच हातात जंगलाची किल्ली आली. यादी करणारा वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याने केलेले काम पक्के होते, आजही उपयोगी आहे. पण यादी ज्याच्या दप्तरात, हुकूम त्याचा. पुढे 1878 साली जंगलाचा कायदा आला आणि पिढ्यानपिढ्या गावाचे असलेले चराऊ रान सरकारी झाले. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात जंगल खात्यावर जो संताप आहे तो याच कारणाने. गावाकडे माहिती होती, नोंद नव्हती. सरकारकडे नोंद होती.

भिवा, एवढेच

आता दुसरी गोष्ट. साहेब घोड्यावरून गावात आला की त्याला झाड दाखवत कोण होते? हे अमुक झाड, याचा पाला गुरे खात नाहीत, याची साल माशांना गुंगी आणते, हे कोण सांगत होते? गावकरीच. गुराखी, कातकरी, वैदू, आणि बायका. त्यांची नावे पुस्तकांत सापडत नाहीत.

थिओडोर कुक नावाचा पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. त्याने 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. आजही महाराष्ट्रात झाड ओळखायचे तर अभ्यासक तो उघडतात. प्रत्येक झाडापुढे ते कुठे मिळाले आणि कोणी गोळा केले ते दिले आहे. डाल्झेल, गिब्सन, स्टॉक्स, वुड्रो अशी साहेबांची नावे. त्यांत कानिटकर हे आपले नाव दिसते. आणि अधूनमधून एक नाव येते, भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही. नुसता भिवा. पुण्याच्या संग्रहासाठी हा माणूस घाटात आणि कोकणात हिंडून झाडे आणत होता. एवढे तरी छापले गेले म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे. पाय त्याचे, डोळे त्याचे, आणि नाव अर्धे.

त्या काळात तशीच पद्धत होती, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी कोचीला डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या झाडांचा 'होर्तुस मलाबारिकुस' नावाचा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. पहिल्याच खंडात त्याने माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रे छापली. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचे, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी पंडितांचे. या तिघांचे पत्र 1675 सालचे आहे, नागरी लिपीत, आणि ते ठसा करून जसेच्या तसे छापले आहे. हॉलंडमध्ये, सतराव्या शतकात! म्हणजे सांगणाऱ्याचे नाव लिहिता येत होते. लिहायचे ठरवले तर लिहिता येते. पुढच्यांनी ठरवले नाही.

मालवण ते बर्लिन

आता आघारकरांकडे येऊ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी लागली की सह्याद्रीत हिंडायचे. त्या भटकंतीत त्यांना नदीच्या गोड्या पाण्यात एक बारीक, पारदर्शक, छत्रीसारखा जीव दिसला, गोड्या पाण्यातला जेलीफिश. त्या जातकुळीचे जीव तोपर्यंत फक्त आफ्रिकेतून माहीत होते. पकडणारा माणूस वनस्पतींचा, पण त्याने नमुना नीट ठेवला, जागा नोंदवली आणि कलकत्त्याच्या म्युझियमच्या तज्ज्ञांपुढे ठेवला. आफ्रिकेतला जीव सह्याद्रीत कसा, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, आणि 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांच्या राज्यातली रयत म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध करून ठेवले. इंग्रज आपल्याला बरोबरीचा मानायला तयार नव्हता, जर्मनाने मात्र इंग्रज म्हणून कोंडले! त्यातून सुटल्यावर त्यांनी अभ्यास पुरा केला. बर्लिनमध्ये त्या वेळी एंग्लर हा वनस्पतिशास्त्रातला फार मोठा माणूस होता. त्याच्याकडे आघारकरांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंध 1920 साली जर्मन भाषेत छापला गेला.

विषय ऐका. वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि अर्ध-कोरड्या प्रदेशातल्या झाडांचे बी पसरते कसे, ती झाडे कुठवर पसरली आहेत आणि मूळची कुठली. राजस्थान, सिंध, पंजाब इकडचा मुलूख.

बी कसे पसरते हे तुम्हाला मी सांगायला नको. आघाडा धोतराला चिकटून गावभर जातो. गोखरू मेंढीच्या खुरात रुततो. रुईचे बी कापूस लावून वाऱ्यावर जाते. बाभळीच्या शेंगा शेळी खाते आणि लेंडीतून बी दुसऱ्या शिवारात पडते. हे आपण रोज पाहतो. आघारकरांनी पुढचा प्रश्न विचारला. हे असेच हजारो वर्षे चालले असेल, तर या झाडांचे गणगोत कुठे कुठे आहे? आणि याचे उत्तर देता येते ते चिठ्ठ्या असल्या तरच. एका संग्रहालयात बसून सिंधचे पान, अरबस्तानचे पान आणि आफ्रिकेचे पान शेजारी शेजारी ठेवता येते. एका माणसाला जन्मात जेवढा मुलूख तुडवता येणार नाही तेवढा तो टेबलावर पाहतो, कारण शेकडो माणसांनी तो तुडवून चिठ्ठ्या लिहून ठेवल्या आहेत.

आपली ज्वारीसुद्धा अशीच प्रवासी आहे. पीक म्हणून ती उभी राहिली आफ्रिकेत, आणि काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली. आपण तिला इतके आपले केले की ती पाहुणी होती हेच विसरलो.

परत आल्यावर आघारकर कलकत्त्यात शिकवत राहिले. 1946 साली निवृत्त झाले आणि घरी बसले नाहीत. पुण्याला येऊन त्याच वर्षी 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स', मराठीत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, ही संस्था उभी केली आणि 2 सप्टेंबर 1960 ला वारले तोवर तिचा संसार ओढला. 1992 पासून त्या संशोधन संस्थेला आघारकर संशोधन संस्था असे नाव आहे.

तुमच्यापैकी जे सोयाबीन पेरतात त्यांनी 'एमएसीएस' हे वाण ऐकले असेल. ही एखादी कंपनी आहे असे अनेकांना वाटते. ती अक्षरे आघारकरांच्या या संस्थेच्या इंग्रजी नावाची आहेत. सोयाबीन, गहू आणि द्राक्ष या पिकांवर ती संस्था काम करते. मालवणच्या झाडे गोळा करणाऱ्या मास्तरने लावलेले रोप यवतमाळच्या पिशवीपर्यंत पोचले आहे, ते असे.

कपाटातले पान शेतात येते

अजून एक उदाहरण कापसाचे देतो. जॉन एलर्टन स्टॉक्स हा मुंबई इलाख्यातला डॉक्टर सिंधमध्ये जंगल खात्याचे काम बघत होता. तरुणपणीच, 1854 साली मेला. त्याने सिंधच्या रखरखीत टेकड्यांवरून एक रानकापूस गोळा केला होता. झुडूप बारके, सरकीवर नुसती लव, कातायला धागा नाही. बाजारात किंमत शून्य. पुढे त्या जातीला त्याचेच नाव दिले गेले. आज जगभरचे कापूस पैदासकार हा रानकापूस जपून ठेवतात, कारण तो अत्यंत कोरड्या जागी तग धरतो, आणि पिकाच्या कापसाला जो गुण हवा तो कधी कधी अशा निरुपयोगी भाऊबंदांकडेच असतो.

ज्वारीचेही तसेच. आपल्याकडे बांधावर, पडीक रानात एक रानज्वारी उगवते. आपण ती गवत म्हणून कापतो. खोडमाशी, जी उशिरा पेरलेल्या ज्वारीचे पोंगे वाळवते, तिचे या रानज्वारीवर जवळपास काही चालत नाही. मग लगेच संकर का करत नाहीत? कारण नाते दूरचे आहे, परागकण सहजासहजी रुजत नाही. शास्त्रज्ञ त्यावर काम करत आहेत. होईल तेव्हा होईल. पण बांधावरची ती रानज्वारी तोवर शिल्लक राहिली पाहिजे, आणि कुठे शिल्लक आहे हे कुणाला तरी माहीत पाहिजे.

आणि आपली मालदांडी. रब्बीची एम 35-1 कोणाला सांगायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून ती निवडली. जवळपास नव्वद वर्षे झाली, किती वाण आले आणि गेले, भाकरी आणि कडबा दोन्हीत तिच्याशी तुलना केल्याशिवाय आजही नवे वाण पुढे येत नाही. निवड शास्त्रज्ञांनी केली, काम उत्तम केले. पण ज्या मालदांडीतून केली ती कोणी घडवली? दर सुगीला खळ्यावर भरदार, ठसठशीत कणसे बाजूला काढून उतरंडीत ठेवणाऱ्या बायाबापड्यांनी. वाणाच्या नावात क्रमांक आला, शेतकरी आला नाही. भिवाचे निदान अर्धे नाव होते.

आज हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटच्या शीतगृहात ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने आहेत, जगभरचे. त्यात आपल्या शिवारांतलेही आहेत. ते ठेवले हे चांगलेच झाले. बऱ्याच गावांत ते वाण आता पेरले जात नाहीत, म्हणजे शीतगृह नसते तर ते संपलेच असते. पण शीतगृहातले बी झोपलेले असते. हवामान बदलते, कीड बदलते, तसे ते बदलत नाही. शेतातले बी दरवर्षी परीक्षा देते. दोन्ही ठिकाणी असले पाहिजे.

आपल्या हातात काय आहे?

मी जुने ते सोने म्हणणाऱ्यातला नाही. 1964 साली सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली, तिची मादी अमेरिकेतून आलेली होती, आणि तिने दाण्याचे उत्पन्न वाढवले. चांगले बियाणे कुठूनही आले तरी शेतकऱ्याला मिळाले पाहिजे आणि कोणते पेरायचे हे त्याने ठरवले पाहिजे. पण ठरवायचे तर निवडायला दोन गोष्टी समोर लागतात. एकच उरली तर ती निवड नव्हे. कापसात आपण तिथवर आलो. 2002 साली बीटी आले, काही वर्षांत शिवारे त्याचीच झाली. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली तेव्हा काही जणांनी गावरानी कापसाची सरकी शोधली. घरात नव्हती, शेजारी नव्हती. संशोधन केंद्राच्या दारात जावे लागले.

कायदा आज काय म्हणतो ते नीट ऐका. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 सालचा. त्यात शेतकऱ्याला आपले बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्याला फीची सूट आहे. कलम 41 प्रमाणे, एखादे वाण घडवण्यात आमच्या गावाचा वाटा आहे असा दावा गावाच्या वतीने करता येतो. दावा मान्य झाला तर मोबदला मिळू शकतो.

पण दाव्याला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे काय? तीच चिठ्ठी. गाव, तारीख, जमीन, नाव, उपयोग, कोणाकडे किती वर्षे. साहेबाने लिहिली, शास्त्रज्ञाने लिहिली, आपण लिहिली नाही.

2002 सालच्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. तुमच्या ग्रामपंचायतीत ती मागून बघा. 2020 च्या मुदतीच्या घाईत अनेक ठिकाणी ती बाहेरच्या बाहेर भरली गेली. दोन गावांच्या वह्यांत तीच झाडे, त्याच क्रमाने. अशी वही म्हणजे चिठ्ठी नसलेले पान. ती आपली आपण दुरुस्त करून घ्यायची.

प्रत्येक जिल्हा बैठकीने या सुगीपासून एवढे करावे.

एक. गावातल्या वयस्क मायबहिणींना विचारून ज्वारीची आणि कापसाची जी नावे अजून तोंडात आहेत ती लिहून काढा. मालदांडी, दगडी, दादर, हुरड्याची गूळभेंडी, कुचकुची, कापसात गावरानी, रोझी. कोणते अजून पेरले जाते, कोणते कधी गेले, का गेले. सांगणारीचे पूर्ण नाव लिहा. तिचे नाव नाही तर नोंद पुरी नाही.

दोन. जे वाण अजून कोणाकडे आहे त्याचे बी गोळा करा. एकच सर्वांत मोठे कणीस घेऊ नका. शेतभर फिरून पन्नासेक ताटांची कणसे घ्या, कारण त्या वाणातला निरनिराळेपणा हीच त्याची पुंजी आहे. सावलीत वाळवा, कडक झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दरवर्षी किंवा वर्षाआड थोडे पेरून ताजे करा.

तीन. डब्यात आणि डब्यावर, दोन्हीकडे चिठ्ठी. वाणाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जमीन, पेरणीची आणि काढणीची तारीख, पाऊस कसा होता, गुण काय, अवगुण काय, कोणाच्या शेतातले, कोणी सांगितले, कोणी गोळा केले. अवगुणही लिहा. नुसते कौतुक लिहिलेल्या चिठ्ठीचा शास्त्रज्ञाला उपयोग नाही आणि तुमच्या नातवालाही नाही.

चार. बांधावरच्या रानज्वारीची फांदी, एखादे अनोळखी तण, रद्दीत दाबून वाळवा आणि वहीत लावा. शाळेतली पोरे हे काम आपल्यापेक्षा चांगले करतील. नाव कळले नाही तर जागा मोकळी ठेवा, जवळच्या कॉलेजात दाखवा.

यातून कापसाला भाव मिळणार आहे का? नाही. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. या कामातून उद्या सकाळी कोणाच्या हातात पैसा पडणार नाही, हे मी आजच सांगून ठेवतो. पण उद्या कोणी आपल्याच शिवारातले बी नव्या पिशवीत घालून आपल्याला विकायला आला, तर हे आमचे आहे असे म्हणायला आपल्याकडे कागद असेल. आणि एखादा पाऊस असा गेला की विकतचे काहीच उगवले नाही, तर डबा उघडायला असेल.

आघारकरांनी मालवणहून निघून बर्लिनला बसून जो अभ्यास केला, तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या जोरावर केला. आपल्या मुलखाच्या चिठ्ठ्या आता आपण लिहायच्या. दुपारच्या सत्रात प्रत्येक जिल्ह्याला एक कोरी वही दिली जाईल. पहिल्या पानावर तारीख घाला, आणि घरी पोचलात की पहिली नोंद घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारून करा.